मंडपामागची फळी

गणपतीच्या दिवसांत पुण्यात रात्री बाजीराव रोडनं किंवा लक्ष्मी रोडनं चालत निघालं, की ठिकठिकाणी माणसं माना वर करून उभी दिसतात. कुणी पोराला खांद्यावर घेतलेलं असतं, कुणी मोबाईल उंच धरलेला असतो. मंदिराच्या प्रतिकृतीच्या पायथ्यातून एक केशरी लाट उठते, खांबांवरून चढते, कमानीला वळसा घालते आणि कळसावर जाऊन फुटते. गर्दीतून ‘वा!’ येतं. ही दाद मूर्तिकाराला, आरास करणाऱ्याला, मंडळाला मिळते आणि ते रास्तच आहे. पण ती लाट जिथून निघाली, ती जागा कुणाला दिसत नाही. मंडपाच्या मागच्या अंगाला, पडदा सारून वाकून आत गेलं, की प्लायवूडची एक फळी उभी असते. तिच्यावर सप्लाय, एमसीबी, वायरींची जुडगी आणि मधोमध हाताच्या पंजाएवढे एक-दोन डबे. तेच कंट्रोलर, कुठला दिवा कधी आणि कुठल्या रंगात लागायचा हे सांगणारे. आम्ही या सगळ्याला मिळून नुसतं ‘फळी’ म्हणतो. माझं बहुतेक आयुष्य या फळीच्या बाजूला गेलं.

मंडळाच्या बैठकीत देखावा कुठला करायचा यावर रात्र रात्र चर्चा होते. कंट्रोलर कुठला घ्यायचा हा विषय मात्र चहा येईपर्यंत उरकतो: ‘चांगला घ्या, भरपूर इफेक्टवाला.’ माझं मत उलटं आहे. दहा दिवसांची रोषणाई या एका निर्णयावर उभी असते, आणि तो निर्णय खोक्यावरचे आकडे वाचून होत नाही. जागा बघावी लागते, आणि त्या जागेवर रात्री हजर असणारी माणसं बघावी लागतात. हे मला पुस्तकात सापडलं नाही, फळीपाशी कळलं. त्याचे हे किस्से.

लाकडी रोलर

जुन्या वायरमनांशी गप्पा मारायला बसलं, की गोष्ट रोलरपासून सुरू होते. पिक्सेल, प्रोग्रामिंग, मेमरी कार्ड यातलं काही नव्हतं तेव्हाही दिवे पळायचे. एका लाकडी रुळावर तांब्याच्या पत्त्या ठोकलेल्या असायच्या, छोटी मोटर तो रूळ फिरवायची आणि वरून धातूचे ब्रश त्या पत्त्यांना टेकलेले असायचे. पत्ती ब्रशखाली आली की माळ पेटणार, सरकली की विझणार. पत्त्या कुठे आणि किती लांबीच्या ठोकल्या, हाच प्रोग्राम. पश्चिम बंगालमधल्या हुगळीकाठच्या चंदननगरनं या रोलरच्या जोरावर देशभर नाव कमावलं. तिथल्या जगद्धात्री पूजेच्या मिरवणुकीसाठी श्रीधर दास यांच्यासारख्या कलाकारांनी बारीक बल्बांतून मोर नाचवले, मासे पोहवले.

आमच्याकडच्या एका वायरमनमामांनी असा एक रोलर अजून गोदामात जपून ठेवलाय. त्यांनी तो एकदा माझ्यासमोर उजेडात धरला. शिसवी रंगाच्या लाकडावर तांब्याच्या पत्त्यांची तिरपी नक्षी, प्रत्येक पत्तीच्या कडेला ठिणग्यांनी पडलेला काळा डाग, आणि मधल्या एका पत्तीखाली लाकूड थोडं जळून खोल गेलेलं. मामा म्हणाले, ‘‘हा बिघडला ना, की डोळ्यांना दिसायचा. पत्ती काळी पडली की पॉलिश पेपर मारायचा. ब्रश झिजला की वाकवून परत टेकवायचा. पाच मिनिटांत माळ चालू. तुमच्या डब्यात काय बिघडलं ते कळतं का बघून?’’

हा प्रश्न मी कधीच सोडला नाही. आजचा डबा रोलरपेक्षा हजारपट जास्त करतो. पण बिघडल्यावर पाच मिनिटांत चालू होईल का, ही मामांची कसोटी आजही सगळ्यात कडक आहे.

खोक्यावरचा आकडा

एका मंडळानं दाक्षिणात्य मंदिराची प्रतिकृती उभी केली होती. गोपुराच्या कडा, खांब, कमान धरून सगळे मिळून दोन हजार पिक्सेल. मी आठ पोर्टांचा, म्हणजे आठ वाटांचा, कंट्रोलर लिहून दिला. खजिनदारकाका बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. ते बाजारात जाऊन चौकशी करून आले होते. त्यांनी टी-१००० एस जातीचा एका वाटेचा डबा माझ्यापुढे ठेवला. ‘‘यावर दोन हजार अठ्ठेचाळीस पिक्सेल चालतात, असं छापलंय. तुमचे दोन हजारच आहेत. मग वर्गणीचे पैसे जास्तीच्या सात वाटांवर का घालवायचे?’’

प्रश्न चोख होता. मी त्यांच्याच पावतीपुस्तकातली एक कोरी पावती उलटी केली आणि हिशेब मांडला. पिक्सेल म्हणजे एक छोटा दिवा, त्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी. आपण वापरतो त्या पिक्सेलच्या पोटात डब्ल्यूएस २८११ ही चिप असते. प्रत्येक रंगाला आठ बिट, म्हणजे एका पिक्सेलला चोवीस. ही चिप सेकंदाला आठ लाख बिट वाचते. म्हणजे एका पिक्सेलचा निरोप पोचवायला ३० मायक्रोसेकंद लागतात. निरोप सगळ्यांचा एकाच वायरीतून निघतो. पहिला पिक्सेल आपला वाटा काढून घेतो आणि उरलेलं पुढच्याला देतो, दुसरा तसंच करतो, असं करत करत शेवटच्यापर्यंत.

‘‘आता दोन हजारांना तीसनं गुणा,’’ मी म्हटलं. काकांनी तोंडीच गुणलं: साठ हजार मायक्रोसेकंद, म्हणजे ६० मिलिसेकंद. सेकंदाला फार तर सोळा चित्रं. सिनेमाला चोवीस लागतात. सोळा चित्रांत रंग सावकाश बदलला तर चालून जातं. पण पायथ्यापासून कळसापर्यंत पळणारी लाट पळत नाही, ती उड्या मारत जाते. हेच दोन हजार पिक्सेल आठ वाटांत वाटले तर प्रत्येक वाटेवर अडीचशे येतात, आणि साडेसात मिलिसेकंदांत एक चित्र पुरं होतं.

काकांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पावतीवर गोपुराचे आठ भाग पाडले. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘पहिला पुढच्याला देतो म्हणता. मग मधला एक मेला तर?’’ मी सांगितलं, त्याच्या पुढचे सगळे अंधारात. ‘‘म्हणजे एका वाटेत सुरुवातीचाच गेला तर अख्खं देऊळ जाणार, आणि आठ वाटांत आठवा हिस्सा जाणार.’’ पुढे मला काही समजवावं लागलं नाही. अध्यक्षांना त्यांनीच पटवलं.

तेव्हापासून मी पिक्सेलच्या एकूण आकड्याला फारसं महत्त्व देत नाही. टी-८००० सारखा आठ पोर्टांचा डबा पोर्टला १०२४ पिक्सेल घेतो, पण मी एका पोर्टवर तीनशे-चारशेच्या वर जात नाही. ‘किती चालतील’ यापेक्षा ‘एक तुटला तर किती जातील’ हा आकडा माझ्या कामाचा आहे.

कळस तांबूस का दिसतो?

हा किस्सा कंट्रोलरचा नाही, पण आळ कंट्रोलरवर आला म्हणून सांगायलाच हवा.

एका ठिकाणी संगमरवरी देवळाचा देखावा होता, सगळं पांढरंशुभ्र हवं होतं. पायथा दुधासारखा पांढरा आणि कळसाकडे जावं तसा रंग तांबूस. ज्यानं काम घेतलं होतं, त्यानं कंट्रोलर दोनदा बदलला होता. मंडळाचे कार्यकर्ते वैतागले होते. ‘‘दादा, डबाच डुप्लिकेट आहे,’’ असं एक पोरगा ठासून सांगत होता. मी त्याच्या हातात मल्टीमीटर दिला आणि शिडीवर चढवलं. ‘‘शेवटच्या पिक्सेलवर किती आहे सांग.’’ वरून आवाज आला, ‘‘तीन पॉइंट सात!’’ खाली सप्लायवर पाच होते.

पाच व्होल्टच्या पिक्सेलची ही गोम आहे. पूर्ण पांढऱ्यावर एक पिक्सेल साधारण ६० मिलिअँपिअर खातो, पन्नासची एक माळ तीन अँपिअर. दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून दहा अँपिअर पाच मीटरवर नेले, तर जाता-येता मिळून सव्वा व्होल्ट वाटेतच जिरतो. निळ्या आणि हिरव्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, लालचं दोनमध्ये भागतं. व्होल्टेज पडलं की आधी निळा आणि हिरवा मंदावतात, लाल टिकून राहतो आणि पांढऱ्याचा तांबूस होतो. कंट्रोलर बिचारा खरंखुरं पांढरंच सांगत असतो.

कळसाजवळ सप्लायची वेगळी जोडी वर नेली, ग्राउंड सगळीकडे एक केला, कळस पांढरा झाला. पुढच्या वर्षी त्या मंडळानं बारा व्होल्टचे पिक्सेल घेतले. तेवढ्याच वॅटला करंट निम्म्याहून कमी, त्यामुळे तूटही कमी. शिडीवर चढलेला तो पोरगा आता त्या भागातल्या मंडळांची पॉवरची जोडणी स्वतः बघतो. कंट्रोलर बदलण्याआधी शेवटच्या पिक्सेलवर मीटर लावायचा, ही सवय त्यानं सगळ्यांना लावली.

घरी चालतं, मंडपात का नाही?

अलीकडे मंडळांत इंजिनिअरिंगची मुलं असतात, ही फार चांगली गोष्ट झाली. अशाच एका मुलानं घरच्या गणपतीला ईएसपी ३२ बोर्डावर डब्ल्यूलेड टाकून मखर केलं होतं. डब्ल्यूलेड हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, मोबाईलवरून चालतं, आत शंभरावर इफेक्ट आहेत, आणि बोर्ड अगदी स्वस्त. त्यानं मंडळाला तेच सुचवलं आणि कमानीवर माळ लावून चाचणी घेतली. कमान वेड्यासारखी लुकलुकायला लागली. मधेच हिरव्या ठिणग्या, मधेच सगळं बंद. मुलगा रडकुंडीला आला. ‘‘सर, घरी दहा दिवस चाललं हो!’’

घरी बोर्ड मखराला चिकटलेला होता. मंडपात बोर्ड मागच्या फळीवर आणि कमानीचा पहिला पिक्सेल बारा-तेरा मीटरवर. पिक्सेल ते पिक्सेल काळजी नसते, कारण प्रत्येक चिप निरोप नव्यानं ठणठणीत करून पुढे पाठवते. कंट्रोलर ते पहिला पिक्सेल हा पल्ला मात्र निरोपाला एकट्यानं काटावा लागतो. त्यात ईएसपी ३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा. पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिपला ‘एक’ म्हणून ओळखायला साधारण ३.५ व्होल्ट हवेत. टेबलावर हे कसंबसं जमून जातं, लांब वायरीवर जमत नाही.

आम्ही दोघांनी मिळून उपाय केला. ७४एचसीटी जातीची एक छोटी चिप मधे घालून सिग्नल पाच व्होल्टवर नेला, बोर्ड फळीवरून काढून पाणी शिरणार नाही अशा डबीत घातला आणि कमानीच्या खांबावर, पहिल्या पिक्सेलपासून हातभर अंतरावर बसवला. फळीपासून तिथपर्यंत फक्त पॉवर नेली. लुकलुक थांबली. जिथे डबा जवळ नेताच येत नाही, तिथे मी डिफरन्शियल सिग्नलचा कंट्रोलर घेतो. तो पिळाच्या जोडवायरीतून निरोप पाठवतो, पलीकडे रिसीव्हर तो पुन्हा साधा करतो, आणि निरोप कित्येक मीटर बिनबोभाट जातो.

कंट्रोलर बघण्याआधी मी टेप घेऊन मंडप मोजतो, त्याचं कारण हे. फळी कुठे येणार आणि पहिला पिक्सेल कुठे, हे अंतर कागदावर आलं की निम्मी निवड तिथेच झालेली असते.

आरतीला दिवे नाचायला नकोत

एका मंडळात रोज आरतीला येणाऱ्या एक आजी होत्या. तिसऱ्या दिवशी त्या थेट अध्यक्षांकडे गेल्या. ‘‘अरे बाबा, रोषणाई सुंदर केलीयेस. पण मी डोळे मिटून हात जोडते, उघडते तर बाप्पाच्या चेहऱ्यावर कधी निळं, कधी हिरवं. आरतीपुरतं तरी शांत ठेव ना!’’

अध्यक्षांनी मला फोन केला. गाभाऱ्यातली माळ मेमरी कार्डवरच्या डब्याला जोडलेली होती. या डब्याचं काम असं: संगणकावर लेडएडिटमध्ये प्रोग्राम बनवायचा, कार्डात भरायचा, कार्ड डब्यात घालायचं. मग तो एकामागून एक इफेक्ट दाखवत राहणार, न थकता, न चुकता. आरती सुरू झाली हे मात्र त्याला कळायचा मार्ग नाही. शिखराला, कमानीला, रस्त्यावरच्या तोरणांना हा डबा उत्तम. गाभाऱ्याला नाही.

गाभाऱ्यासाठी आम्ही ईएसपी ३२ बसवला. डब्ल्यूलेडमध्ये दोन प्रीसेट केले. एक संथ सोनेरी झुळुकीचा, दुसरा समईच्या उजेडासारखा पिवळसर, स्थिर. बोर्डाला एक साधं ढकलबटण जोडून ते गुरुजींच्या उजव्या हाताशी, चौरंगाच्या आतल्या बाजूला लावलं. आरतीचं तबक उचलायच्या आधी गुरुजी बटण दाबायचे, मंत्रपुष्पांजली झाली की पुन्हा दाबायचे.

मोबाईलवरून चालत असताना बटण कशाला, असं मुलांनी विचारलं. शेवटच्या दोन-तीन रात्री मध्यवस्तीत लाखोंची गर्दी असते आणि प्रत्येकाच्या खिशात फोन. ईएसपीचं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. त्या गजबजाटात ऐन आरतीच्या वेळी फोन बोर्डाला सापडेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. बटणाला नेटवर्क लागत नाही. शिवाय लाईट जाऊन आली तर बोर्ड आपोआप शांत उजेडाच्या प्रीसेटवर सुरू होईल, हीसुद्धा सोय सेटिंगमध्ये करून ठेवली. आजी दुसऱ्या दिवशी आल्या, आरती झाली, आणि जाताना गुरुजींच्या हातावर खडीसाखर ठेवून गेल्या. त्या एका बटणामुळे सबंध मंडळाला समजलं, की एकाच मंडपात दोन जातींचे कंट्रोलर लावणं ही उधळपट्टी नाही. शिखराचं काम वेगळं, गाभाऱ्याचं वेगळं.

गाणं आणि दिवे

नातूबागेच्या गणपतीसमोर गाण्यावर नाचणारे दिवे बघायला होणारी गर्दी पुणेकरांना नवी नाही. ‘आपल्याकडेही म्युझिकल करा,’ असं मग बाकीची मंडळंही म्हणतात.

या प्रकाराचं वेड जगभर लावलं ते अमेरिकेतल्या एका घरानं. ओहायो राज्यातल्या मेसन गावी कार्सन विल्यम्स या इलेक्ट्रिकल इंजिनिअरनं २००४ च्या नाताळात घरावर साधारण १६ हजार दिवे लावले आणि लाइट-ओ-रामा या कंपनीच्या कंट्रोलरच्या ८८ चॅनेलवर ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्राच्या ‘विझर्ड्स इन विंटर’ या संगीताशी ते जुळवले. पुढच्या वर्षी त्याची चित्रफीत इंटरनेटवर पसरली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून संगीत भोंग्यावर न लावता कमी ताकदीच्या रेडिओ प्रक्षेपणावर सोडलं होतं, गाडीत बसून लोक ते ऐकायचे. शेवटी गाड्याच इतक्या झाल्या की २००५ च्या डिसेंबरात त्यांना तो खेळ थांबवावा लागला. ते ८८ चॅनेल आज जेमतेम २९ पिक्सेलना पुरतील, कारण एका पिक्सेलला तीन चॅनेल लागतात. तरीही त्या घराचा परिणाम थेट आमच्या फळीपर्यंत आला. त्या वेडानं हौशी लोकांची जमात वाढली, आणि एक्सलाइट्स, फाल्कन प्लेयर ही आज आम्ही वापरतो ती मोफत सॉफ्टवेअर नाताळच्या रोषणाईसाठी झटणाऱ्या याच लोकांनी घडवली.

आता आमचा किस्सा. एका मंडळानं ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगवर रोषणाई बसवून घेतली होती. दिवे कार्डच्या डब्यावर, गाणं पेनड्राइव्हवर. दोन कार्यकर्ते ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम बटण दाबायचे. पहिल्या मिनिटाला ठोका आणि झोत एकत्र पडायचे. शेवटाला ताशाचा कडकडाट झाल्यावर दिवे मागून यायचे. प्रोग्रामिंग करणारा मुलगा रात्र रात्र जागून ठोके सरकवत होता. त्याच्या कामात खोट नव्हती. दोन यंत्रांची दोन घड्याळं होती, आणि कार्डचा डबा सेकंदाला नेमकी ठरलेलीच चित्रं दाखवतो असं नाही. सुरुवातीला केसाएवढा असलेला फरक चार मिनिटांत हातभर होतो.

इथे एकच उपाय: गाणं आणि दिवे एकाच घड्याळावर आणायचे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फाल्कन प्लेयर टाकला. तोच गाणं वाजवतो आणि त्याच वेळी नेटवर्कच्या केबलमधून पिक्सेल कंट्रोलरला निरोप पाठवतो. निरोपाची भाषा ई १.३१. तिची मोजणी अजूनही डीएमएक्सच्या हिशेबानं चालते. १९८६ साली रंगमंचाच्या दिव्यांसाठी ठरलेला हा हिशेब: एका युनिव्हर्समध्ये ५१२ चॅनेल, म्हणजे १७० पिक्सेल. हे गणित आधी मांडलं नाही, तर १७१ वा दिवा भलताच रंग दाखवतो आणि रात्रभर वायरी तपासत बसावं लागतं. आम्ही ते आधी मांडलं. त्या संध्याकाळी शेवटच्या ठोक्याला कळस बरोबर उजळला, तेव्हा त्या मुलानं फळीमागेच जमिनीवर बसकण मारली. त्याचं रात्रीचं जागरण आता कुठे लोकांना दिसत होतं.

मिरवणुकीचा रथ

म्युझिकलचं यश बघून त्याच मंडळानं ठरवलं, अनंत चतुर्दशीला रथावरही हीच यंत्रणा. मी नको म्हटलं. अध्यक्ष थोडे नाराज झाले. ‘‘अहो, एवढी भारी सिस्टीम आहे, आणि मिरवणुकीत साधा डबा?’’

मी त्यांना रथाची परिस्थिती सांगितली. वीज जनरेटरची. डिझेल भरायला, रथ अडकला म्हणून, कुणाचा पाय केबलला लागला म्हणून, ती कधीही जाणार. रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक आहे. त्याची वीज अशी अचानक तोडली तर त्याचं कार्ड खराब होऊ शकतं, आणि सुरू व्हायलाही वेळ लागतो. मंडपात त्याला आम्ही यूपीएस दिला होता. कार्डचा साधा डबा मात्र कार्ड फक्त वाचतो. वीज गेली, आली, की लगेच पहिल्या इफेक्टपासून सुरू. रथापुढे ढोल-ताशा पथक असतं, रेकॉर्ड केलेलं गाणं नसतंच. मग जुळवायचं कशाशी?

दुसरी गोष्ट भाद्रपदातला पाऊस. डबा बंदिस्त पेटीत, वायर पेटीच्या खालून आत आणि शिरण्याआधी खाली एक झोळ दिलेला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोळाशी ठिबकतं. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग आणि मेन लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. या दोन गोष्टींवर मी कुणाशीही वाद घालत नाही. त्या नसतील तर काम घेत नाही. हजारो हात त्या रथाला लागतात.

आणि तिसरी गोष्ट वायरमनमामांची, पाच मिनिटांची. त्या रात्री मध्यवस्तीचे रस्ते वाहनांना बंद असतात. एरवी विजेचं कुठलंही सामान मिळणारी तपकीर गल्ली हाकेच्या अंतरावर असून उपयोगाची नसते. म्हणून रथावर त्याच जातीचा दुसरा डबा, प्रोग्राम भरलेलं दुसरं कार्ड आणि एक जादा सप्लाय. रथावर बसणाऱ्या दोन कार्यकर्त्यांकडून आदल्या दिवशी डबा बदलण्याचा सराव करून घेतला, डोळ्यांना पट्टी बांधून नव्हे, पण मोबाईलच्या उजेडात. रात्री उशिरा पावसाची सर आली आणि पहिला डबा बंद पडला. मी तिथे नव्हतोच, गर्दीत अडकलो होतो. पोरांनी डबा काढला, दुसरा लावला, कार्ड घातलं. रथ एका चौकातून पुढच्या चौकात जाईपर्यंत रोषणाई पूर्ववत झाली होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग घ्यायचा कुठला?

दरवर्षी श्रावणात फोन येतात, ‘‘दादा, यंदा कुठला कंट्रोलर घेऊ?’’ मी नाव सांगत नाही, आधी विचारतो. दिवे आपले आपण फिरत राहायचेत, की कुणाच्या हातानं बदलायचेत, की गाण्याशी जुळवायचेत? फिरत राहायचे तर कार्डचा डबा, हातानं बदलायचे तर ईएसपी आणि डब्ल्यूलेड, गाण्याशी जुळवायचे तर फाल्कन प्लेयर आणि नेटवर्कवरचा पिक्सेल कंट्रोलर. पहिला पिक्सेल फळीपासून किती लांब? दिवे पाच व्होल्टचे की बारा? सगळ्यांची चिप एकच आहे, की गेल्या वर्षीच्या उरलेल्या माळा मिसळल्यात? रंगांचा क्रम लाल-हिरवा-निळा आहे की काही माळांत हिरवा आधी येतो? एक माळ गेली तर किती अंधार चालेल? आणि सगळ्यात महत्त्वाचं: रात्री नऊ वाजता, गर्दीच्या ऐन भरात, हा डबा बंद पडला तर फळीपाशी कोण असेल, आणि त्याला हे येतं का?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर मी सगळ्यात साधा डबा सुचवतो आणि त्याची जोडी घ्यायला लावतो. उत्तर मिळालं, म्हणजे ‘आमच्यातली ही दोन मुलं शिकतायत’ असं कुणी सांगितलं, तर मी आनंदानं अवघड यंत्रणेकडे वळतो.

आणखी एक आग्रह मी प्रत्येक मंडळाकडे धरतो. प्रोग्रामची मूळ फाईल, जोडणीचा नकाशा, कुठल्या पोर्टवर कुठला भाग आणि किती पिक्सेल याची यादी, हे सगळं मंडळाच्या कपाटात राहिलं पाहिजे, आणि त्याची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून फळीवर चिकटवलेली पाहिजे. कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये ते अडकलं, की मंडळ दरवर्षी त्याच्यावर अवलंबून राहतं आणि दरवर्षी शून्यापासून सुरुवात करतं. ज्या मंडळांनी हे कागद जपले, तिथे गेल्या वर्षीच्या चुका यंदा होत नाहीत, खर्च कमी होतो, आणि दरवर्षी दोन नवी मुलं फळीमागे उभी राहायला तयार होतात. सार्वजनिक उत्सव एकत्र येऊन शिकण्यासाठीही असतो, असं मी मनापासून मानतो. म्हणून यंदा खरेदीला निघण्याआधी बैठकीत कंट्रोलरसाठी चहापुरता नव्हे, चांगला तासभर वेळ ठेवा, आणि जी मुलं दहा रात्री त्याच्यापाशी थांबणार आहेत, त्यांना त्या बैठकीत पुढच्या रांगेत बसवा.